तीनदा उडालेला फ्यूज

(अल्लीपूर. शेतातल्या शेडमध्ये घरीच बांधलेलं दोन सीटांचं विमान, एक चाक वाकलेलं. धनंजय, त्याची धाकटी बहीण आकांक्षा आणि बाबा किसनराव.)

आकांक्षा : हात लावू नको! दूर सरक. पन्नास फुटावर स्क्रीन काळी पडली, आन् तू मले आता सांगून राह्यला?

धनंजय : सांगतलं न मंग. उतरलो न सहीसलामत.

आकांक्षा : चाक पाह्य आधी! आज फक्त जमिनीवर पळवाचं ठरलं होतं, उडवाचं नाई. वेग, उंची, इंजिन किती तापलं, सारं त्या एका स्क्रीनवर दिसते. ती गेली का तू आंधळा.

धनंजय : मंग स्क्रीन कोणाची हाय? जोडणी तुही, सोल्डरिंग तुहं. चार वर्षं राबून पंख मीनं बांधले, इंजिन मीनं बसवलं. दगा देल्ला तुह्या डब्यानं!

आकांक्षा : माहं एक जरी सोल्डरिंग सुटलं असन, त कॉलेजात पोरायले शिकवनं सोडून देईन. टॉर्च आण इकडे.

किसनराव : भांडू नका बापा. रविवारी पाहणीवाले साहेब येऊन राह्यले. जे दुरुस्त कराचं थे करून टाका.

आकांक्षा : बाबा, तुमी मधात बोलू नोका. दादा, हे लाल वायर मीनं उजव्या बाजूनं नेलती. डावीकडे कोणं आणली?

धनंजय : मीनं. सीट मागं घ्याची होती. आड येत होती.

आकांक्षा : म्हून सायलेन्सरले चिपकवली? हे पाह्य, वरचं रबर वितळून गेलं, तांबं उघडं पडलं. मले विचारलं काऊन नाई?

धनंजय : विचारलं असतं त तू महिनाभर विमान हलू देल्लं नसतं. तुहं नेहमीचंच हाय. हे मोज, थे मोज. जीव खाते नुसती!

आकांक्षा : जीव मी खातो का तू? थांब. उघडी वायर लोखंडाले लागली त फ्यूज उडाले पाह्यजे. खरं सांग, उडलता?

धनंजय : ...उडलता.

आकांक्षा : कितीदा?

धनंजय : तीनदा. नवा टाकला का चाले थोडा वेळ.

आकांक्षा : तीनदा! अक्कल गहाण ठेवली का? तीनदा सांगतलं त्यानं तुले, आग लागन म्हून! आज वर बी थोच उडला असन. ...हे काय हाय? फ्यूज कुठं हाय इथं? हे त तांब्याची जाड तार हाय!

धनंजय : आईची आण, मीनं नाई टाकली.

आकांक्षा : खोटं नको बोलू! लाज वाटू दे थोडी. वर जळून मेला असता त आईले काय तोंड दाखवलं असतं मीनं?

धनंजय : मीनं नाई टाकली म्हणतो न! ऐकाचंच नाई का तुले?

किसनराव : मीनं टाकली.

धनंजय : बाबा?

किसनराव : सोमवारी हा तिसरा फ्यूज बदलवून शिव्या देत होता. मले वाटलं, वर गेल्यावर उडला त कोण बदलवन? म्हून जुन्या मोटारीची तार तोडून पक्की बसवली. आपल्या पंपाले बी तेच हाय न, वीस वर्षं झाले. मोटार कधी बंद नाई पडली.

आकांक्षा : बाबा, बंद पडनं हेच फ्यूजचं काम हाय. बाकी सारं जळाच्या आधी थो एकटा जळते. आज थो नव्हता, म्हून वायरच जळाली आन् स्क्रीन गेली.

किसनराव : म्हणजे थो माह्या पोराले वाचवून राह्यलता.

आकांक्षा : हाव.

किसनराव : आन् मीनं त्याचं तोंड दाबलं.

धनंजय : सोडा बाबा. लपवलं त मीनंच. रविवारचं रद्द करतो. साहेबाले फोन लावतो.

आकांक्षा : आत्ताच लाव. माह्यासमोर.

किसनराव : आकांक्षा, पेचकस घे आन् माह्यासंगं चाल.

आकांक्षा : आता कुठं?

किसनराव : विहिरीवर. सकाळी ओल्या पायानं पंपाचं बटन तुही माय दाबते.