मावशींच्या वाट्याचं वचन

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आणि मावशींच्या सोसायटीतले शेजारी,

लिफ्ट बंद असूनही तुम्ही सगळे जिने चढून या गच्चीवर आलात. मावशी असत्या तर त्यांनी आधी प्रत्येकाला पाणी विचारलं असतं. मला बोलायला उभं केलंय, पण मी पडलो खडक तपासणारा माणूस. पूल किंवा बोगदा बांधायच्या आधी जमिनीत भोक पाडून आतला दगड वर काढायचा आणि तो बघायचा, हे माझं काम. दगडांसमोर मला बोलता येतं. माणसांसमोर जड जातं. आज तर जास्तच. सांभाळून घ्या.

शांताबाई साळवे. आपण सगळेच त्यांना मावशी म्हणायचो. गेल्या आठवड्यात त्या गेल्या, आणि मला ते अजून खरंच वाटत नाही. आत्ता वर येताना त्यांच्या दारावरून आलो. दार उघडं होतं, आणि दाराला तोच दगड लावलेला होता. मी थांबलो. वाटलं, आतून हाक येईल, "विलास, चपला रांगेत काढ."

तो दगड मीच दिलेला. जमिनीतून काढलेला, काळा, लाटण्यासारखा गोल. देताना मी ऐटीत म्हणालो होतो, मावशी, हा साडेसहा कोटी वर्षांचा आहे बरं का. त्या म्हणाल्या, "असेल बाबा तुझ्या हिशेबाने. माझ्या देवाने आठवड्यात जग केलं, त्यातलाच हा. पण दाराला बरा आहे. वाऱ्याने सारखं आपटतं."

शेजाऱ्यांसाठी सांगतो. आमच्यात दर बुधवारी कोणाच्या तरी घरी घरसभा असते. गोल बसायचं, पवित्र शास्त्र उघडायचं, आणि आळीपाळीने एकेक वचन मोठ्याने वाचायचं. ज्याची पाळी, त्याने वाचायचं. एका बुधवारी, इथेच मावशींच्या घरी, अगदी पहिला अध्याय आला. देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं, तो. माझ्या वाट्याला आलं ते पहिला दिवस पुरा होतो ते वचन, 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस.' आणि माझं तोंडच उघडेना.

दिवसभर मी दगड बघून आलो होतो. नखांत अजून धूळ होती. हे सगळं सहा दिवसांत झालं, असं मोठ्याने कसं म्हणायचं? आणि मनात एक, तोंडात एक, असं देवासमोर वाचायचं का? सगळे थांबले. तेव्हा शेजारी बसलेल्या मावशींनी, काही झालंच नाही अशा थाटात, माझं वचन वाचलं. मग स्वतःचं वाचलं. पाळी पुढे गेली. शेवटी सगळे आमेन म्हणाले. आमेन म्हणजे तसंच असो. माझ्या तोंडून तेही निघालं नाही.

गोष्ट तिथेच राहिली असती, तर झाकली मूठ. पण ती मंडळीच्या कमिटीपर्यंत गेली. मी तेव्हा रविवारी मंडळीतल्या मुलांना शिकवायचो. एकाने विचारलं, ज्याला सहा दिवस मान्य नाहीत, त्याच्या हाती आपली मुलं कशी द्यायची? पाळकसाहेब, तुम्ही समजावलंत, की तो अध्याय गाण्यासारखा ऐकावा, घड्याळ लावून वाचू नये. काहींना पटलं, काहींना नाही. मी मनात ठरवलं होतं, आज मला काढलं तर उठायचं आणि पुन्हा आपल्या मंडळीच्या देवळाची पायरी चढायची नाही. लहानपणापासून माझं दुसरं घर ते. ते त्या दिवशी सुटणार होतं.

मावशी उठल्या. आपल्यातल्या सगळ्यांत पक्क्या सहा दिवसवाल्या त्या. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "मला सहा दिवस मान्य आहेत. अख्खे. आणि विलासही मान्य आहे." आणि बसल्या.

एवढंच. विषय तिथेच मिटला, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा मुलांसमोर होतो.

पुढे एकदा त्यांनीच हट्ट धरला, तुझा डोंगर दाखव. रस्त्यासाठी कापलेला एक डोंगर होता, तिथे घेऊन गेलो. उन्हं उतरत होती. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक लांबून घुमत होते, झोपेत ऐकू यावं तसे. मी दाखवलं, मावशी, हे काळे थर लाव्हाचे. आणि दोन थरांमध्ये ही बारीक लाल पट्टी बघा. एक थर निवला, त्याची माती झाली, मग दुसरा आला. त्यांनी विचारलं, "मधे किती वेळ गेला?" म्हटलं, खूप. हजारो वर्षं.

त्या बघत राहिल्या. ते लाल ऊन त्यांच्या चष्म्यावर होतं. म्हणाल्या, "म्हणजे काम झालं की देव थांबायचा. ही लाल रेघ म्हणजे त्याची संध्याकाळ असेल." गाडीत बसताना मात्र हळूच म्हणाल्या, "तरी दिवस सहाच हं."

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो, तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "विलास, मी तुझं वाचलं होतं. माझं आता तू वाच." मला हो म्हणता आलं नाही.

मित्रहो, माझं मत बदललं, असं मी सांगणार नाही. त्यांना खोटं कधी चाललं नाही. खडक जे सांगतो ते सांगतोच. पण परवापासून तो अध्याय पुन्हा पुन्हा उघडून बसतोय, आणि इतकी वर्षं जे दिसलं नाही ते दिसलं. त्यातला दिवस सकाळी सुरू होत नाही. आधी संध्याकाळ येते. सकाळ नंतर.

खाडीच्या बाजूला बघा, ऊन तसंच लाल झालंय. आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलू नये. त्याआधी मला एकदा त्या बुधवारची माझी राहिलेली पाळी पुरी करू द्या.

मावशी, तुमच्या वाट्याचं वाचतो.

संध्याकाळ झाली. आता सकाळ होईल.

आमेन.