दिवसा जळणारा बल्ब

"वहिनीला बोलतं करणं आन् ही बॅटरी जिवंत करणं, दोन्ही आपल्या हातचं नाय, दादा." धाकटा दीर ओसरीवर बसून यांना सांगत होता आणि मी दाराआड चहा गाळत होते. लग्नाला दीडच महिना झालेला, त्यामुळं मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

रविवारी बजाजनगरच्या मैदानात रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती आणि यांच्या गाडीची जुनी बॅटरी दोन फेऱ्यांतच दम टाकायची. यांचा उपाय असा, की तिला एक छोटा बल्ब जोडायचा, बल्ब मंद झाला की ती रिकामी झाली समजायचं आणि मग सावकाश चार्ज करायची. असं तीन-चारदा केलं की बॅटरीत पुन्हा जीव येतो म्हणे.

पण बल्ब रोज दहा मिनिटांतच विझलेला सापडायचा.

"संपली ही," हे म्हणाले. "भंगारात टाकतो. रविवारी नुसतं बघायला जाऊ."

"लई वाईट वाटतंय रे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

मी कपांचा ट्रे खाली ठेवला.

"बॅटरी रिकामी झालेलीच नाही, भाऊजी. दिवसाउजेडी दिवा जळताना दिसला की आई येता-जाता बल्ब फिरवून सैल करतात. चार दिवस बघतेय मी. आणि मी बोलते की. कुणी विचारलं तर."