डोंगराकडं पाठ करून

बसा, आदी दम खावा. आमचा जिना लई उभा हाय की, कोन बी आलं तर असंच धापा टाकीत येतं. आनि येतं बी कोन म्हना, दूधवाला खालीच पिशवी अडकवून जातो.

मी मूळचा मोडनिंबचा. तिकडं सगळं सपाट, बांधावर हुबं ऱ्हायलं तर लांबवर दुसऱ्याची ज्वारी, डोंगर म्हंजे शाळंच्या भिंतीवरल्या चित्रातला. सोलापुरात नव्या पेठेत फोटोच्या दुकानात कामाला लागलो, मालकानं इडिओ क्यामेरा आनला, तवापास्नं लग्नं नि वरातीच वराती. वरातीत शूटिंगवाल्याला उलटं चालावं लागतं, नवरानवरीकडं तोंड, रस्त्याकडं पाठ, मागनं रिक्षा, गाडं, उकरल्याला रस्ता, पन मी कवा पडलो न्हाय. ते एका नवरदेवानं बघितलं. त्यो बर्फाच्या डोंगरावर जानारा, त्येंचं मंडळ हुतं. घोड्यावरनं वाकून म्हनतोय, काय हो, असंच उलटं डोंगरावर चालशीला का? मी म्हनलं, चालीन की.

काय सांगू तुमाला, तितं गेल्यावर कळलं. चढनाऱ्यांची तोंडं दिसायची तर शूटिंगवाला त्येंच्या आदी वर पायजे, म्हंजे शिखरावर पयला मीच, पन पाठ करून. क्यामेरा आपल्या सोलापुरी चादरीत गुंडाळल्याला, ब्याटऱ्या गारठू नयेत म्हनून बंडीत, अंगाला लावून. आमच्या भागात बर्फाची फिलिम काडनारा पयला मीच, हे कुनी लिवलं न्हाय, पन हाय. खाली आलं की त्येंचा सत्कार, शाल, नारळ, आनि त्याचं शूटिंग बी मीच करायचो. हसा, हसा. मला बी आता हसू येतं, तवा येत न्हवतं.

मालन, माजी बायको, टीव्हीपुढं बसून इचारायची, तुमी कुटं हाय ह्यात? मी म्हनायचो, अगं मी काडतोय की, मी कसा दिसनार. ती म्हनायची, मंग तुमी गेलता कशावरनं? थट्टाच, पन मला लागायचं, एवढं जिवावर उदार व्हायाचं आनि घरच्या मानसाला बी आपन दिसू नये. एक दिवस टीव्ही चालू, ती मान खाली घालून भाजी निवडतीया, बघत बी न्हाय, आनि एकदम म्हनली, ह्यो तुमचा दम. हाय की तुमी. क्यामेऱ्याला लागून माजंच तोंड, त्यामुळं सगळ्या फिलिमीत माजी धाप हुती, चढ आला की वाढायची, मधीच खोकला. तवापास्नं मी लांब गेलो की ती टेप लावून सैपाक करायची. शेजारीन म्हनायची, बाई, चित्र सोडून घरघर काय ऐकतीस. मालन म्हनायची, घरात मानूस असल्यागत वाटतं.

ती गेली. पोरगी पुन्याला, फोन करती, चांगली हाय. टेपा हितल्या उन्हानं खराब झाल्या, एकच वाचली, तीच मालनच्या आवडीची. ती कंप्युटरवाल्याकडं दिली, नव्या कशात तरी घालून दे म्हनलं. मानूस लई गुनाचा. पेन ड्राइव्ह हातात ठिवत म्हनला, काका, घरघर लई येत हुती, सगळी साफ केली, झ्याक बासरी टाकलीया. मी इचारलं, आनि टेप? त्यो म्हनला, ती शेवटाला मशीनमदी तुटली, साफ करायच्या आदीची कापी बी पुसली, आता कशाला लागती. चांगलं केलंस म्हनलं नि रिक्षात बसून रडलो. मालन गेली तवा बी एवढा रडलो न्हवतो.

डोंगर हाय, ती मंडळी हायेत, बासरी हाय, मी तेवढा न्हाय.

मंग काय करतो, सांच्याला भाजी घिऊन जिना चढतो, आनि धाप बसायच्या आदी टीव्हीवर ती फिलिम लावतो, बासरीचा आवाज बंद करून. थोडा येळ बराबर जमतं बगा. पन माजा एकल्याचा दम शिखरापतोर पुरत न्हाय. तुमी पुन्ना येशीला तवा सावकास येऊ नगा, भराभरा चढून या. दोघं मिळून बसू. देव तुमचं भलं करो.