मार्चअखेरची बचत

भावनगरच्या बँकेत मार्चअखेरची रांग होती. निवृत्त मास्तर रमणीकलाल पेन्शनसाठी उभे होते. त्यांच्या मागे कोकिलाभाभी आणि त्यांची नणंद हंसाबेन. मास्तरांचं तोंड खिडकीकडे होतं, कान मागे.

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडताय, भाभी? कशाला?"

"विम्याची पॉलिसी घ्यायचीय. कर वाचतो म्हणे."

"तुम्हाला कर लागतो?"

"खाखरे लाटून कसला कर! आजवर कधी भरला नाही."

"मग वाचवणार काय, डोंबल?"

"मार्चमध्ये सगळेच वाचवतात. आपणच का मागे राहायचं?"

"पैसे परत कधी?"

"वीस वर्षांनी."

"म्हणजे तुम्ही ब्याऐंशीच्या झाल्यावर! कोणत्या गाढवानं गळ्यात मारली?"

"असं बोलू नका हो."

"गाढवाला गाढवच म्हणणार! दिसत नाही अशा बाईला लुबाडतो मेला."

"हंसाबेन, तुमच्याच यजमानांनी. काल चहाला आले होते. घरच्या जावयाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

मास्तर उगाच व्याजदरांचा फलक वाचू लागले.

"कमिशन किती म्हणाले?"

"जावयाला असं विचारतात का?"

"तरीच काल माझ्या नव्या बांगड्यांचा विषय त्यांनी स्वतःहून काढला."

"मग परत जाऊ या का? ऑपरेशन तरी होईल."

"आता एवढ्या उन्हात आलोच आहोत तर... घ्या, हे पेन."

"सहीची रेघच दिसत नाहीये मला."

"मी बोट ठेवते ना. त्याच्याखाली करा."