देवकी मॅडमची दोन दारांची खोली

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे प्राचार्य डॉ. दादाजी ढोके, प्रमुख पाहुण्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. गार्गी देवतळे, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या समुपदेशक देवकी निमजे मॅडम, प्राध्यापक बंधुभगिनींनो, कार्यालयातील सहकाऱ्यांनो, आणि भाषण लांबलं तर पळता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या होस्टेलच्या मुलांनो,

मी प्रेमानंद वासनिक, मुलांच्या होस्टेलचा रेक्टर. या समारंभासाठी मॅडमनी दोन अटी घातल्या होत्या. शाल-श्रीफळ नको, आणि कोणत्याही विद्यार्थ्याला मनोगतासाठी मंचावर बोलवायचं नाही. या दोन्ही अटी माझ्यामुळे आल्या आहेत. कशा, ते सांगण्याची परवानगी मी ज्याची ही गोष्ट आहे त्याच्याकडून घेतली आहे. त्याला आपण गोलू म्हणू. गोलू नावाची मुलं नागपुरात गल्लीगल्लीत सापडतात, त्यामुळे शोधायच्या भानगडीत पडू नका.

नऊ वर्षांपूर्वी मॅडम इथे आल्या तेव्हा प्राचार्यांनी त्यांना कार्यालयाजवळची चांगली, पंख्याची खोली देऊ केली. यांनी मागितली खेळाच्या सामानाची जुनी खोली. का? तर तिला दोन दारं होती. मी म्हटलं, "मॅडम, टॉकीज चालवायची आहे का?" त्या म्हणाल्या, "सर, रडून बाहेर पडणारा आत येणाऱ्याले दिसू नये." मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

माझी पद्धत आपणा सर्वांना ठाऊक आहे. खोलीत बाटली सापडली की मेसमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचं, खरडपट्टी काढायची, घरी फोन लावायचा. लातों के भूत बातों से नहीं मानते, असं मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. गोलूवर मी सगळे उपाय करून पाहिले. त्याचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. पोरगा हुशार, पण दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले आणि तो मिटत गेला. दर शनिवारी नागपूरच्या वेशीवरच्या वाडीला मित्राच्या भाड्याच्या खोलीवर जायचा आणि आडवा होईपर्यंत प्यायचा. रविवार झोपेत, सोमवार पांघरुणात. "काहून पेतं गा इतकी?" मी विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही सर." मला तो उद्धटपणा वाटला. होस्टेलमधून काढण्याचं पत्र मी टाइप करून ठेवलं.

मॅडमनी ते पत्र सहा आठवडे थांबवायला लावलं. त्यांनी त्याला 'का' विचारलंच नाही. त्या विचारायच्या, "शनिवारी चार वाजता तू काय करून राहिला होता? कोणाचा फोन आला? मनात काय आलं?" एकेक तास मागे मागे जात त्या दोघांनी शोधलं, की पिण्याची सुरुवात बाटलीपासून होत नव्हती, रिकाम्या दुपारपासून होत होती. उदास वाटतं म्हणून पितो, पितो म्हणून सोमवार जातो, सोमवार गेला म्हणून अजून उदास. त्यांनी त्याला दारू सोडण्याची शपथ दिली नाही. एक काम दिलं. शनिवारी चार वाजता मैदानावर व्हॉलीबॉलची नेट बांधायची. खेळलं नाही तरी चालेल, पण बांधायची त्यानेच. आता नेट नसली तर बारा पोरं खोळंबणार, म्हणून हा जाऊ लागला. मग खेळू लागला. एकदा मला जिन्यात म्हणाला, "सर, मले आजकाल सकाळी भूक लागते." किती साधं वाक्य! पण मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, की मी घात केला.

आपल्याकडे आनंद झाला की आपण काय करतो? सत्कार करतो. स्नेहसंमेलनात मी जाहीर केलं, "व्यसनावर मात करणारा आदर्श विद्यार्थी!" शाल, नारळ, टाळ्या, फोटो. मॅडमनी आधी हात जोडून सांगितलं होतं, "सर, नका करू." मला तो त्यांचा विनय वाटला. आणि कळस म्हणजे त्याच्या आईवडिलांना मीच बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुलगा पितो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना ते माझ्या माईकवरून कळलं. टाळ्या वाजत होत्या आणि ती माउली मान खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आत ती शाल. गोलू तीन दिवस बेपत्ता. मॅडम मला म्हणाल्या, "चला वाडीले." गोदामांच्या मागच्या त्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मॅडम फरशीवर बसल्या. "जेवला का रे?" एवढंच. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "मी नसतो तं बरं झालं असतं." मॅडमनी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येऊन राहिला का?" असं विचारलं तर नसलेला विचार मनात शिरेल, असं मला वाटायचं. उलट झालं. तो पहिल्यांदा रडला. त्या दुपारी मॅडम त्याच्याच संमतीने त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. औषधं सुरू झाली, आई पंधरा दिवस सोबतीला येऊन राहिली. पुढे दोनदा पाय घसरला. मॅडम दोन्ही वेळा म्हणाल्या, "शनिवारी चार वाजता काय झालं, सांग."

मला त्या एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "सर, आनंद चुकीचा नव्हता. माईक चुकीचा होता."

मॅडम, आपण किती मुलं सावरलीत याचा आकडा कोणाकडेच नाही, कारण आपण तो कधी सांगितला नाहीत. हेच आपलं मोठेपण.

आता भाषणाच्या शेवटी क्षमा मागण्याची आपली रीत आहे. एकोणीस वर्षं मी ती सवयीने मागत आलो. आज खरोखर मागतो. या सभागृहात तू असशील किंवा नसशील, बेटा, मला माफ कर. तुझ्या आईलाही माझा निरोप सांग.

आणि मॅडम, आपली एक अट मोडतो आहे. या पिशवीत एक शाल आहे. काल शनिवारी एकजण खोलीवर आला आणि म्हणाला, "सर, ते शाल आहे का अजून? मॅडमले द्या. तिच्यावर हक्क त्यांचा आहे." मी विचारलं, "तूच देतो का मंचावर येऊन?" विचारलं आणि जीभ चावली. तो हसून म्हणाला, "सर, चार वाजले. नेट बांधायची आहे."

कोण होता, ते मी सांगणार नाही. धन्यवाद.