खुराड्यातला सागवानी दांडा

जनावरांच्या दवाखान्यात कोंबडीची टोपली मध्ये ठेवून एक वयस्कर जोडपे माझ्या समोरच्या बाकावर बसले होते.

“या खेपेला ते तांबडे किडे गेले नाहीत, तर सगळ्या कोंबड्या वन्संकडे पाठवून देईन.”

“अगं, तीनदा औषध फवारलं खुराड्यात. एक फट सोडली नाही.”

“आणि कोंबड्यांचा बसायचा दांडा?”

“तो आधी काढून ठेवायचो. सागवानी आहे, पॉलिश उतरलं असतं.”

“मग?”

“फवारणी वाळली की परत बसवायचो.”

“म्हणजे तेवढा वेळ किड्यांना अंगणात हवा खायला न्यायचात! अहो, त्यांचं सगळं बिऱ्हाड त्या दांड्याच्या खाचांत असतं.”

“मग कोंबड्या राहू देतेस ना?”

“कोंबड्या राहतील. दांडा जाळायचा.”

“अगं, सागवान आहे तो!”

“मग त्याच्यावर तुम्ही झोपा.”