खिसे सांभाळा

माणूस : पिवळा फ्रॉक, पांढरे बूट, गालावर फुलपाखरू रंगवून घेतलेलं. आणखी काय सांगू तुम्हाला?

बाई : सगळं बरोबर आहे. म्हणूनच त्याचा उपयोग नाही.

माणूस : म्हणजे काय?

बाई : म्हणजे हे मघाशी भोंग्यावरून अख्ख्या उत्सवाने ऐकलंय. हरवलेल्या मुलाचे कपडे माइकवर सांगायचे नसतात. आमच्या माइकवाल्यांचा आज पहिला दिवस. त्यांनी पोरीचं पार वर्णन करून टाकलं. बूट कुठल्या दुकानातले, तेवढं फक्त राहिलं.

माइकवाला : बाजूच्या तंबूतून सगळं ऐकू येतंय मला, बाई. माझं निवेदन असं आहे की लग्नात मी नवरदेवाच्या फेट्यापासून मोज्यांपर्यंत सगळं सांगतो. लोक टाळ्या वाजवतात.

बाई : हे लग्न नाही. तुम्ही तिकडे सांगितलंत आणि पाठोपाठ आमच्या या मदत तंबूत एक गृहस्थ हजर झाले. मुलीचा मामा म्हणे. फ्रॉक, बूट, फुलपाखरू, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. मी विचारलं, दात कुठला पडलाय, तर म्हणाले, फोन आलाय, जरा बाहेर जाऊन घेतो. ते गेले ते गेलेच.

माणूस : तिला मामाच नाही.

बाई : तेच म्हणते मी. आणि आता तुम्ही आलात. दुधाने तोंड पोळलंय, मी ताक फुंकणारच. रागवू नका.

माणूस : वरचा, समोरचा. सकाळपासून हसताना तोंडावर हात धरतेय. आणि डाव्या कानामागे तीळ आहे. आत पडद्यामागे झोपलीये म्हणालात ना? केस बाजूला करून बघा.

बाई : थांबा इथेच. पडद्याला हात लावू नका.

(बाई आत जाऊन परत येते.)

बाई : आहे तीळ.

माणूस : मग जाऊ द्या मला.

बाई : बसा आधी. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. ही घ्या. पाणी प्या.

माणूस : पाणी नकोय मला. तीळ जुळला, दात जुळला. अजून काय राहिलं?

बाई : तुम्ही तिला ओळखता, एवढं कळलं.

माणूस : ओळखता? बाप आहे मी तिचा.

बाई : असालही. पण ऐका. ती पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, आमच्या पोलीस ताईंना सापडली. नाव सांगेना, शाळा सांगेना. तोंडाला कुलूप.

माणूस : अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही, असं मीच शिकवलंय तिला.

बाई : चांगलं शिकवलंय. एकाच प्रश्नाला तिने तोंड उघडलं. मी विचारलं, बाबांबरोबर आलीस का गं? तर म्हणाली, नाही, बाबांबरोबर नाही आले.

माणूस : असं कसं म्हणेल?

बाई : म्हणाली. मग रडत रडत झोपली. आता मुलगी स्वतःच्या तोंडाने नाही म्हणतेय आणि मी तिला उठवून तुमच्या हातात देऊ?

माणूस : रागावली असेल माझ्यावर. मी हात सोडला म्हणून.

बाई : कुठे सोडलात?

माणूस : आकाशपाळण्याच्या रांगेत. गर्दी अशी की पाय उचलला तर परत टेकवायला जागा नाही. तिचा हात मी घट्ट धरला होता. एवढ्यात भोंग्यावरून आलं, खिसेकापूंपासून सावध राहा, खिसे सांभाळा. माझा हात आपोआप खिशावर गेला. बघतो तर फोन नाही. दुसऱ्या खिशात चाचपला, शर्टात चाचपला. खाली बघितलं तर ही नाही.

बाई : आणि फोन?

माणूस : तो गेलाच. तेलही गेलं, तूपही गेलं. तिचे फोटो होते त्यात, नाहीतर केव्हाच दाखवले असते तुम्हाला.

माइकवाला : लक्ष द्या, लक्ष द्या. समस्त रसिक बंधुभगिनींना नम्र सूचना. गर्दीत खिसेकापू फिरत आहेत. आपले खिसे, पाकिटं, दागिने सांभाळा. खिसे सांभाळा. धन्यवाद.

बाई : बघा, आत्ताही गेला तुमचा हात. रिकाम्या खिशावर.

माणूस : सवय.

बाई : सगळ्यांचंच होतं. दुपारपासून बघतेय मी. ही घोषणा झाली की सगळी गर्दी स्वतःला चाचपते. कुणाचं पाकीट कुठल्या खिशात आहे, ते चोराला आयतं दिसतं. आणि घोषणा संपून जरा वेळ होत नाही तोच पोलीस ताई एक रडकं पोर घेऊन तंबूत शिरतात. चोरांना पाकिटं मिळतात, मला पोरं.

माणूस : मग सांगत का नाही त्यांना?

बाई : सांगितलं. वरून लिहून आलंय म्हणतात. असो. तिच्या आईला फोन लावू. त्या म्हणाल्या की तुमच्याबरोबर पाठवलीये, तर माझी काही हरकत नाही.

माणूस : आईला नको.

बाई : का?

माणूस : दुसरं काहीही विचारा. तिच्या खांद्यावरची पिशवी मीच विकत आणून दिलीये, निळ्या रंगाची. आत काय आहे ते विचारा.

बाई : पिशवीत माझा जीव नाही अडकलेला. आईला का नको?

माणूस : आम्ही वेगळे झालोय. तिने दुसरं लग्न केलंय. मला महिन्यातले दोन रविवार मिळतात, तेही सकाळी घ्यायचं आणि संध्याकाळी नेऊन सोडायचं. रात्री तिला माझ्याकडे राहू द्यावं म्हणून मी कोर्टात अर्ज केलाय. पुढच्याच आठवड्यात तारीख आहे. समोरच्या वकिलाचं पहिल्यापासून एकच पालुपद, हा माणूस निष्काळजी आहे, याच्याकडे मूल ठेवू नका. आता तुम्ही फोन करून सांगणार, तुमची मुलगी हरवली होती. मग मी तारखेला जाऊ तरी कशाला?

बाई : हं.

माणूस : तिच्यासाठी छोटी खाट आणून ठेवलीये खोलीत. गादीचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही अजून. म्हटलं, ती आली की तिच्याच हाताने काढू.

बाई : भाऊ, तुम्ही बोलता ते मला खरंच वाटतंय. पण मला वाटून भागत नाही. पलीकडच्या गेटच्या तंबूत मागे एक बाप आला होता. खरा बाप. ओळखपत्र, फोटो, सगळं होतं. पोराने बाबा म्हणून मिठीही मारली. दिलं त्यांनी. थोड्या वेळाने आई धावत आली. पोराला ती घेऊन आली होती, हा नुसता मागावर होता. बाप असणं वेगळं आणि आज तिला घेऊन आलेला माणूस असणं वेगळं.

माणूस : म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाई : फाशी कुठली. खुर्ची दिलीये तुम्हाला, पाणी देतेय. सकाळपासून उभी आहे मी, पाय सुजून चपलेत मावत नाहीत. मलाही हे लवकर संपायला हवंय. दुसरा रस्ता म्हणजे पोलीस चौकी. तिथे जबाब होणार, नोंद होणार आणि आईला फोन होणार तो होणारच.

माणूस : आणि मी काहीच केलं नाही तर?

बाई : तर ती उठेल. मी तिला बिस्किट देईन. पुन्हा विचारीन, ती पुन्हा नाही म्हणेल. तोवर अंधार पडेल. आणि उठल्यावर तिला अनोळखी माणसंच दिसतील, एवढंच.

माणूस : घ्या नंबर. पाठ आहे मला. तोच एक पाठ आहे.

बाई : नक्की?

माणूस : काय सांगायचं ते सांगा. तारीख गेली तर गेली. तिला डोळे उघडल्यावर मी दिसायला हवा.

बाई : सांगा नंबर. हं. हं. वाजतोय. … हॅलो, नमस्कार. उत्सवाच्या मुलांच्या मदत तंबूतून बोलतेय. … नाही नाही, घाबरू नका, मुलगी छान आहे. आम्ही इथे मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतो, त्यावर घरचा नंबर लिहितो. तुमचा दिलाय, म्हणून पडताळून बघतेय. … हो, पिवळाच फ्रॉक. कुणाबरोबर पाठवलीये तुम्ही? … अच्छा. … नाही, विचारलं अशासाठी की ती म्हणाली, बाबांबरोबर नाही आले. … असं होय. … हो, आता कळलं. एक मिनिट हं, धरा.

माणूस : काय म्हणतेय?

बाई : हळू बोला, मी हात धरलाय फोनवर. तुमच्याबरोबरच पाठवलीये म्हणाल्या. जा तुम्ही आत.

माणूस : मग पोरगी 'नाही' असं का म्हणाली?

बाई : जाऊ द्या ना ते.

माणूस : सांगा.

बाई : घरात जे आहेत, त्यांना ती बाबा म्हणते. तुम्हाला बाहेरचे बाबा म्हणते. तुमच्याबरोबर नेहमी बाहेर जायचं असतं, म्हणून. त्यांनी नाही शिकवलं हे, तिचं तिनेच पाडलंय नाव.

माणूस : बाहेरचे बाबा.

बाई : लहान आहे हो ती.

माणूस : नाही, बरोबर आहे तिचं. बाग, दुकान, उत्सव. आत कुठे नेलंय मी तिला? माझ्यासमोर नुसतं 'अहो' म्हणते. मला वाटलं, लाजते.

बाई : ऐका. ती हरवल्याचं मी फोनवर बोललेले नाही. पट्टीचं बोलले आणि पट्टी मी बांधणारच आहे, तेव्हा खोटंही नाही. धन्यवाद म्हणते आणि ठेवते. तुमची तारीख तुमच्याकडे राहू द्या.

माणूस : द्या फोन.

बाई : कशाला? मिळालंय ते पदरात पाडून घ्या.

माणूस : तुमचे उपकार आहेत. पण आता घरी जाताना मला त्या पोरीला सांगावं लागेल की हे आईला सांगू नकोस. आज मी सांगेन. मग उद्या दुसरं कुणी तिला म्हणालं, आईला सांगू नकोस, तर तेही ती ऐकेल. द्या.

बाई : घ्या.

माणूस : हॅलो. मीच. … ऐक ना. ती हरवली होती. अर्धा-पाऊण तास असेल. … आता आहे, झोपलीये, काही झालेलं नाही. … नाही, पट्टीसाठी नाही. या बाईंनी मला सांभाळून घेतलं. … फोन चोरला कुणीतरी, तो बघायला गेलो आणि हात सुटला. माझ्याकडूनच सुटला. … हो. … हो, कळतंय मला. … बरं. … बरं, ठेव.

बाई : काय म्हणाल्या?

माणूस : विचारलं, तिने काही खाल्लंय का. मग म्हणाली, संध्याकाळी सोड आणून, नेहमीसारखी.

बाई : आणि तारखेचं?

माणूस : ते काही बोलली नाही. बोलेल. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो.

माइकवाला : बाई, चहा असेल तर घोटभर द्या. घसा बसला. परत खिशांची सूचना द्यायची वेळ झालीये.

बाई : चहा गार झालाय, तसाच घ्या. आणि ती सूचना आता बदला.

माइकवाला : कागदावर जसं आहे तसंच वाचायचं, असा आदेश आहे. मी हुकमाचा ताबेदार.

बाई : मग आदेश देणाऱ्यांना म्हणावं, इथे येऊन पोरं सांभाळा. हे बघा, हे गृहस्थ. तुमची सूचना ऐकून यांनी पोरीचा हात सोडला.

माइकवाला : माझी?

माणूस : तुमच्यावर राग नाही माझा. हात माझाच होता.

माइकवाला : अरेरे. मला वाटत होतं, आवाज चांगला पोहोचतोय. मग काय म्हणू, बाई?

बाई : म्हणा, बरोबरच्या मुलाचा हात धरा आणि सोडू नका. तेवढंच.

माइकवाला : आणि खिसा?

बाई : गेला तर गेला. खिसा रडत माझ्या तंबूत येत नाही.

माइकवाला : बरं. मला कामावरून काढलं तर तुमच्याकडे चहाला येत जाईन.

बाई : भाऊ, तुम्ही आत जा आता. उठवू नका एकदम, बिचकेल. शेजारी बसा नुसते. आणि ही पट्टी घ्या, तुम्हीच बांधा तिच्या हाताला. नंबर आईचाच लिहू ना?

माणूस : हो. माझा फोन तर गेलाय.

बाई : आणि बरोबर कोण आहे, तेही लिहावं लागतं. काय लिहू?

माणूस : तिला विचाराल तर ती जे सांगेल, तेच लिहा. बाहेरचे बाबा.